तलासरीहून आणलेला रंग

आमच्या होडीच्या तळाच्या फळीत बाबांचा अंगठा पहिल्या पेरापर्यंत शिरला तेव्हा मी चिखलात त्यांच्या शेजारीच उकिडवी बसले होते. आवाज काहीच झाला नाही. भिजलेल्या भाकरीत बोट जावं तसा तो गेला. बाबांनी अंगठा बाहेर काढला, भोकाकडे पाहिलं, मग आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं, आणि चिखलाचा एक गोळा उचलून भोकावर थापला. "आईला सांगू नको," एवढंच म्हणाले. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेन. बाबांच्या तोंडावर भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि ती त्यांनी चिखलाने झाकली हेही पाहिलं. माणूस कसा आहे हे अशा वेळी कळतं, पण त्या वयात ते मनात धरून ठेवायची अक्कल नव्हती.

लाकूड खाणारा किडा बाहेरून टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि मग आतल्या आत करंगळीएवढी बिळं करत लांबवर जातो. वरून फळी ठणठणीत दिसते. हातोडी मारली तर आवाज जरा भद्द येतो, इतकंच. सुताराने ती फळी उचकटून बाजूला टाकली तेव्हा तिचं मधमाश्यांचं पोळं झालेलं होतं. त्या पोळ्यावर बसून माझे बाबा, माझा थोरला भाऊ विनूदादा आणि दोन खलाशी महिनोन्महिने समुद्रात जाऊन येत होते. फळी बदलली, पण माझी भीती काही गेली नाही. पुढे कित्येक दिवस मी घरातलं प्रत्येक लाकूड अंगठ्याने दाबून बघायचे. उंबरा, पाट, मुसळ, देवघराची फळी. आई विचारायची, काय चाचपतेस गो सारखी, तर मी काहीतरी खोटं सांगायचे.

आमचं घर डहाणूच्या खाडीला लागून होतं. अंगणात बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टांगलेले असायचे आणि ऊन चढलं की त्यांचा वास गोधड्यांपर्यंत शिरायचा. पाहुण्यांना तो जाणवायचा, आम्हाला नाही. आई तांदळाची भाकरी थापायला बसली की तिच्या बांगड्यांचा आवाज भिंतीपलीकडे मला झोपेत ऐकू यायचा, आणि त्या आवाजावरून मी ओळखायचे की आज होडी जाणार. डब्यात भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा, आणि बाबांसाठी वेगळा एक भाजलेला बोंबील. होड्या भरतीच्या पाण्याबरोबर परत यायच्या. खाडीच्या तोंडाशी इंजिनं वाजू लागली की प्रत्येक घरातली बाई हातातलं काम थांबवून कान द्यायची, कारण प्रत्येक इंजिनाचा ठेका वेगळा. आमचं इंजिन पाच ठोके सरळ द्यायचं आणि सहाव्याला अडखळायचं. ते अडखळणं ऐकू आलं की आई "आले" म्हणायची आणि भाताचं आधण ठेवायची. त्याच्या आधी कधीच ठेवायची नाही. चुलीवर आधण आधी ठेवलं तर माणूस उशिरा येतो, असं तिने मनाशी धरलेलं होतं.

लाकडी होडी पाण्यात ठेवली की तळाला शेवाळ येतं, मग पांढरे टोकदार शिंपले धरतात, होडी जड होते, आणि त्या आडोशाने किडा शिरतो. आमच्याकडे त्यावर एकच उपाय होता. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला होडी वर चिखलात आणून बसवायची, पाणी उतरलं की तळ खरवडायचा, सुक्या झावळ्यांच्या जाळाने शेकायचा, आणि त्यावर चुना आणि मुशी माशाच्या काळजाचं तेल मळून हाताने चोपडायचं. ब्रश नाही, हातानेच. बायकोने मळायचं आणि नवऱ्याने लावायचं, ही रीत. अडचण अशी की समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेल्या डोल जाळ्याला मासळीही त्याच मोठ्या उधाणाला लागते, कारण तेव्हाच पाण्याला ओढ असते. म्हणजे तळ राखायचा तर मासळी सोडायची, आणि मासळी धरायची तर तळ सोडायचा. बाबा काय करायचे ते सांगायला नको. एक अमावास्या टाळायची, मग पौर्णिमा टाळायची, आणि मग अंगठा आत जायचा.

मी चौदाव्या वर्षापासून टोपली घेऊन बाजारात बसत होते. डहाणूत गिऱ्हाईक ओळखीचं आणि ओळखीचं गिऱ्हाईक चिकट, म्हणून मी सुकी मासळी घेऊन एसटीने तलासरीला जायला लागले. तिथे हायवेवर गुजरातकडून येणारे-जाणारे, डोंगराकडच्या पाड्यांवरून उतरलेली माणसं, सगळी मिळून बाजार चांगला भरायचा. घासाघीस मी तिथे शिकले. माझं तोंड तिथेच सुटलं, असं आई म्हणायची. हायवेलगत एका शेठचं हार्डवेअरचं दुकान होतं. वलसाडकडे बोटी बांधणाऱ्यांना तो खिळे, दोर आणि रंग पुरवायचा. एकदा त्याच्या पायरीवर सावलीला बसले असताना आत लाल डब्यांची चळत दिसली, प्रत्येकावर कवटी आणि दोन हाडं. मी विचारलं, हे उंदरांचं औषध का. शेठ हसला. गुजराती आणि मराठीची खिचडी करून म्हणाला, हे बोटीच्या तळाचं औषध, तांब्याचं. एकदा लावलं की दोन मोसम तळाला काही धरत नाही, ना शेवाळ, ना शिंपलं, ना किडा. खरवडायचं नाही, शेकायचं नाही.

मी भाव विचारला. तो म्हणाला, "बेन, हा रंग बोटवाले घेतात. मासळीवाल्या नाही."

"मासळीवाली बोटीत बसत नाही शेठ, तिचा बाप बसतो," मी म्हणाले.

त्याच्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवायला मी काही कालची नव्हते. मी त्याच्याकडून वाटीभर रंग नमुना म्हणून मागितला. त्याने नाही म्हटलं. मी त्याच्या पायरीवरून उठलेच नाही, आणि माझ्या टोपलीतल्या बोंबलांचा वास त्याच्या दुकानात शिरत राहिला. शेवटी त्याने वाटीभर दिला. घरी येऊन मी सुताराकडून एकाच लाकडाचे तीन तुकडे मागून घेतले. एकाला घरचं चुना-तेल लावलं, एकाला डहाणूच्या दुकानातला स्वस्त लाल रंग, आणि एकाला तलासरीचा. तिन्ही दोरीने बांधून धक्क्याजवळच्या खुंटाला पाण्यात सोडले. विनूदादाने मला वेडी म्हटलं.  पण मी खुंटाजवळ गेले की बाबाही काहीतरी निमित्त काढून तिथे यायचे.

तीन महिन्यांनी वर काढलं तेव्हा पहिल्या फळीवर बोट ठेवायला जागा नव्हती, एवढे शिंपले. सुरीने चिरली तर आत चार बिळं. दुसरी अर्धीमुर्धी. तिसऱ्या फळीवर नुसता एक बुळबुळीत थर होता, तो पदराने पुसला आणि खाली रंग जसाच्या तसा. मी त्या तिन्ही फळ्या तशाच फडक्यात बांधून तलासरीच्या एसटीत चढले. कंडक्टरने पुढच्या स्टॉपवर उतरवायची धमकी दिली. शेठसमोर मी फळ्या ठेवल्या आणि सांगितलं की ही बघा तुमच्या मालाची जाहिरात, या दाखवून मी तुम्हाला अख्ख्या खाडीची गिऱ्हाइकं देते, पण मला भाव वेगळा लावा. त्याने लावला. आजही कोणाला वाटतं की मी दुकान नशिबाने उभं केलं, तर त्यांना त्या तीन फळ्यांचं सांगावंसं वाटतं.

डबे बांधून देताना शेठने हसणं बंद केलं आणि माझ्या डोळ्यांत बघून एक गोष्ट सांगितली. "बेन, ह्याच्यावर काहीच नाही लावायचं. तेल नाही, डांबर नाही, चुना नाही. दुसरा हात पण सुकू द्यायचा. तांबं पाण्यात थोडं थोडं सुटतं, म्हणून किडा बसत नाही. झाकलंस तर संपलं." हे वाक्य मी घरी शब्दश: सांगितलं. एकदा नाही, रोज.

बाबांनी तिसरी फळी हातात घेऊन उलटीपालटी केली, नाकाला लावली. फळी चांगली आहे हे त्यांना दिसत होतं. पण ते म्हणाले, "कोरडी आहे गो ही. कोरडी होडी पाण्यात कशी सोडायची?" हे आज वाचणाऱ्याला हसू येईल. आमच्याकडे जन्मलेलं मूल तेलात भिजवतात, नवरीला हळद-तेल लावतात, आणि होडीला चुना-तेल लावल्याशिवाय तिचा पाण्याशी संबंध जोडत नाहीत. बाबांच्या बाबांनी तसंच केलं आणि त्यांच्याही बाबांनी. तेल न लावलेली होडी बाबांना उघडी दिसत होती, आणि उघड्या होडीत बसून समुद्रात जायची त्यांना भीती वाटत होती. मी हे समजून घ्यायला हवं होतं. मी ओरडले. मी म्हणाले की तुमच्या तेलानेच तुमचा अंगठा आत गेला ना. आई तिथेच होती. तिला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. दादा माझ्या बाजूने उभा राहिला, कारण हुकलेल्या उधाणांना तो कंटाळला होता. बाबांनी फळी खाली ठेवली, आणि मी समजले की मी जिंकले.

हंगाम सुरू व्हायच्या आधी होडी कोरड्यात असताना आम्ही रंग लावला. दोन दिवसांत दोन हात. मी बाजूला उभी राहून एकेक फळी मोजत होते. बाबा ब्रश असा धरायचे की जणू कोणी परक्याची वस्तू हातात दिलीय. दुसरा हात संध्याकाळी पुरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी एक उरलेला डबा माझ्यापुढे ठेवला. त्याचा कडेचा पत्रा चेपला होता. म्हणाले, हा गळेल, जा, तुझ्या शेठकडून बदलून आण, तुझंच तो ऐकतो. हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. बाबांनी माझ्या घासाघिशीचं कौतुक त्याच्याआधी कधी केलं नव्हतं. मी तलासरीला गेले, अर्धा दिवस शेठशी भांडले, डबा बदलून घेतला आणि वर दोन ब्रश उकळले. दिवस मावळायच्या आत घरी आले तेव्हा आईचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली की तुळशीला चुना लावला. बघितलं तर खरंच तुळस पांढरीशुभ्र. मुशीच्या तेलाचा वास येत होता, पण त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या सगळ्याच होड्यांना तेल लागत होतं. वास कुठून येतो हे कोण बघणार?

होडी पाण्यात गेली. पहिले दोन महिने आम्ही एकही उधाण सोडलं नाही. मी बाजारात मान ताठ करून बसायचे. शेजारच्या टोपलीवाल्या म्हणायच्या, "जयू, रंग लावलास, आता पावडर-कुंकू पण लाव तुझ्या होडीला." मी म्हणायचे, लावीन, तुमच्या नवऱ्यांच्या होड्या ओढून आणायला लागल्या की लावीन. असं बोलू नये. बोलले खरी.

मग ठेका बदलला. पाच ठोके आणि एक अडखळ, त्याऐवजी सगळंच इंजिन चढ चढल्यासारखं धापा टाकत यायला लागलं. दादा म्हणाला, डिझेल जास्त लागतंय, होडी ओढत नाही. एके दिवशी मी धक्क्याला बांधलेल्या होडीच्या कुशीला कान लावला. शांत पाण्यात किडा खातो त्याचा आवाज येतो असं म्हातारे म्हणतात. बारीक कडकड ऐकू आली, गरम तव्यावर मीठ टाकावं तशी. तो आवाज पाण्यातल्या दुसऱ्याच कशाचाही असू शकतो हे आता मला माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. मी बाबांना म्हणाले, येत्या अमावास्येला एकदा चिखलात बसवून बघू या का. बाबा जाळ्याची गाठ सोडवत होते. वर न बघता म्हणाले, "तुझा शेठ दोन मोसम म्हणाला ना? मग?"

मी पुन्हा विचारलं नाही. हे लिहायला इतकी वर्षं लागली, म्हणून नीट लिहिते. मला वाटत होतं की रंग फसला, शेठने मला फसवलं, आणि होडी चिखलात बसवली की ते अख्ख्या खाडीला दिसेल. बाबांना काय दिसू द्यायचं नव्हतं ते मला माहीत नव्हतं. मला काय दिसू द्यायचं नव्हतं ते मला पक्कं माहीत होतं. तळाखाली काय चाललंय याची दोघांनाही भीती, आणि दोघंही बघायला तयार नाहीत. आणि होडी रोज जात होती, आता तर दर महिन्याचं खरवडणं आणि शेकणंही बंद झालेलं.

तो दिवस थंडीतला होता, आकाश स्वच्छ, वारा बेताचा. दुपारच्या भरतीला होड्या यायला लागल्या. एक, दोन, चार, सात. प्रत्येक इंजिनासरशी एकेक बाई आधण ठेवायला आत वळली. आमचं इंजिन वाजलं नाही. भरती पुरी झाली, पाणी स्थिर झालं, आणि स्थिर झालं म्हणजे आता उतरणार. आई अंगणात बसून आधीच निवडलेले बोंबील पुन्हा निवडत होती. मी आत-बाहेर करत होते. शेवटी आलेली होडी हाकणाऱ्या तांडेलला मी विचारलं तर तो म्हणाला की सकाळी जाळ्यावर दिसली होती, जरा बसकी वाटली, पाण्यात खाली गेलेली. बसकी. हा शब्द ऐकून मी अंगणात परत आले आणि आईसमोर उभी राहिले.

आईने बोंबील खाली ठेवले. ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "चुना मी मळून दिला, जयू."

मला आधी काही कळलंच नाही. मग तुळस दिसली.

ती सांगत राहिली, हळू आवाजात, जणू कोणाच्या तरी घरची गोष्ट सांगते आहे. रंगाचा दुसरा हात नीट सुकलाही नव्हता. तुला तलासरीला पाठवायचं तिथपासून सगळं तुझ्या बाबांनी ठरवलं होतं. म्हणाले, कोरडी नाही सोडवत. मी मळून दिलं. सकाळी त्यांनी एकट्याने तळाला चोपडलं आणि दुपारपासून, रात्रीच्या भरतीला होडी पाण्यात जाईपर्यंत, झावळ्या उभ्या करून झाकून ठेवलं. त्यांना वाटलं रंग आत राहील आणि तेल वर राहील, दोन्हींचं राखण होईल. मलाही तसंच वाटलं गो.

मी तिच्यावर ओरडले नाही. मला आयुष्यात फार वेळा राग आला आहे, आणि तो मी बहुतेक वेळा बाहेर काढला आहे. त्या दुपारी राग आलाच नाही. कारण त्या क्षणी मला जे कळलं होतं ते होडीतल्या चौघांपैकी तिघांना माहीत नव्हतं. ओल्या रंगावर तेल गेलं म्हणजे रंग लाकडाला धरलाच नाही. पापुद्रे सुटत असणार. खाली उघडं लाकूड, तीन-चार महिने न खरवडलेलं, न शेकलेलं. माझा उपायही नाही आणि त्यांचाही नाही. असा तळ अख्ख्या खाडीत दुसऱ्या कोणाच्या होडीला नव्हता, आणि त्याच्यावर माझा दादा बसला होता. मी धक्क्यावर गेले आणि खाडीच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. आई मागून आली. आमच्यात हातभर अंतर होतं. आम्ही दोघी एकच गोष्ट बघत होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो. पाणी उतरायला लागलं होतं. खुंटांवरची ओली रेघ हळूहळू खाली सरकताना मी बघितली, आणि आणखी दोन हात उतरलं तर आलेली होडीही आत येऊ शकणार नाही हे मला कळत होतं.

ती आली तेव्हा इंजिन वाजलं नाही, कारण ते पाण्यात बुडालं होतं. दुसऱ्या गावची एक बोट तिला दोराने ओढत होती. आमच्या होडीची कड पाण्याबाहेर जेमतेम वीतभर दिसत होती. चौघं जण डबे आणि घमेली घेऊन पाणी उपसत होते, वाकायचं आणि फेकायचं, वाकायचं आणि फेकायचं. मी मोजलं. चार. पुन्हा मोजलं. चार. आईने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी फुटली.

त्यांनी ती सरळ चिखलात घातली. पाणी उतरत गेलं तसा तळ उघडा पडत गेला, आणि तोवर अर्धी वस्ती गोळा झाली होती. रंग चिंध्यांसारखा लोंबत होता. मधल्या जागेत लाकूड करडं पडलेलं, त्यावर शिंपल्यांचे घोस, आणि एका फळीत हात जाईल एवढं भगदाड, ज्यात विनूदादाचा सदरा कोंबलेला होता. दादा उघड्या अंगाने बसून उलट्या करत होता. खलाशांमधला मोठा काशिनाथकाका, तलासरीकडच्या एका पाड्यावरचा, आमच्याकडे माझ्या लहानपणापासून कामाला. तो चालत तळापाशी गेला, रंगाची एक पट्टी ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. "बाय, हा बघ तुझा रंग," म्हणाला.

मी पट्टी हातात घेतली. लाल रंगावर चुन्याचा थर होता, आणि चुन्यात बोटांचे ओरखडे. चार रेघा, त्यातली पहिली आखूड. बाबांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं पेर दोराच्या फासात सापडून तुटलेलं होतं. मी मान वर केली. बाबा कमरेपर्यंत चिखलाने भरलेले, थंडीने कुडकुडत उभे होते आणि माझ्या हातातल्या पट्टीकडे बघत होते.

काशिनाथकाकाने विचारलं, माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून. "तांडेल, तुम्हाला ठाऊक होतं का, होडी अशी झालीय ते?"

सगळे ऐकत होते. तळाची गोष्ट खलाशांपासून लपवून त्यांना समुद्रावर नेणाऱ्या तांडेलबरोबर मग कोणीही जात नाही. ना आमच्या खाडीतलं, ना शेजारच्या. पुन्हा कधीच नाही. बाबांनी तोंड उघडलं. मी वाट बघितली. आजही शपथेवर सांगते, मी त्यांना पुरेसा वेळ दिला. त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.

"रंग मी आणला," मी म्हणाले. "त्यांना काय ठाऊक असणार." आणि मी पट्टी मुठीत चुरगाळली, चुन्यासकट.

काशिनाथकाका माझ्या बंद मुठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझी चार पोरं आहेत, बाय." 

त्यानंतर कितीतरी वर्षं मी डहाणूच्या बाजारात 'रंगवाली' होते. लग्नाची दोन स्थळं आली आणि चौकशी करून परत गेली. टोपलीवाल्यांनी माझ्या तोंडाचा सगळा हिशोब फेडून घेतला. मी माझं दुकान पुढे उभं केलं ते दोर, जाळी आणि तळाच्या रंगाचं. आता तर फायबरच्या होड्या आल्या, पोरं मोबाइलवर डब्याचा फोटो दाखवून विचारतात की याची किती वर्षं गॅरंटी. मी प्रत्येकाला आधी एकच विचारते, वरून काही चोपडणार आहेस का. चोपडणार असशील तर मी विकत नाही. लोकांना वाटतं म्हातारी तिरसट आहे. आहेच.

मला त्या वेळी बाबांकडून एक वाक्य हवं होतं, चुना मी लावला, एवढंच. लोकांसमोर नको, चुलीपाशी, जेवताना, कधीही. मी महिनाभर त्यांना ताट वाढताना मुद्दाम रेंगाळायचे. ते खाली मान घालून जेवायचे आणि उठायचे. आईने एकदा विषय काढायला सुरुवात केली तर ते चप्पल घालून बाहेर गेले.

होडी दुरुस्त झाली, पाच फळ्या बदलल्या, आणि पुढच्या हंगामाआधी बाबा कोणाला न सांगता एकटेच तलासरीच्या एसटीत बसले. ज्या माणसाने जन्मभर बाजारात बायकोला पुढे केलं, तो शेठच्या दुकानातून लाल डबे घेऊन आला. मी भाव विचारला. त्यांनी सांगितला. शेठने पहिल्या तोंडी सांगितलेला तो भाव होता, एक पैसा कमी नाही. मला राग आवरेना. मी म्हणाले, तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत?

"भांडलो असतो आणि त्याने दिलाच नसता, मोकळा परत आलो असतो तर," बाबा म्हणाले आणि डबे सावलीत नेऊन ठेवले.

रंग त्यांनीच लावला. दोन हात, मधे एक दिवस सोडून. दुसरा हात लावल्यावर ते दिवसभर होडीशेजारी पिंपावर बसून राहिले, कुत्र्यालाही जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खलाशी, दादा, शेजारचे दोन तांडेल, सगळे होडीभोवती असताना त्यांनी मला घरातून बोलावून घेतलं. म्हणाले, "जयू, हात लावून बघ गो." मी खाली वाकले आणि तळाला तळवा लावला. रंग सुकलेला होता, खरखरीत, वर काही नाही. मी फळीफळीवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. माझ्या मागोमाग बाबाही वाकून चालत होते. लोकांना वाटलं असेल की बाप लेकीला मान देतो आहे. मी वळून बघितलं तेव्हा त्यांची नजर माझ्या तळव्यावर होती, आणि ओठ तसेच कोरडे पडले होते जसे त्या चिखलात उभे असताना पडले होते. त्या तळाखाली किडा असो नसो, त्यांना आता त्याची भीती नव्हती. भीती माझी होती. मी तोंड उघडीन याची.

"ठीक आहे," मी म्हणाले.

बाबांनी श्वास सोडला. तो मला ऐकू आला, आणि ते पुढे सोळा वर्षं जगले, पण मला हवं होतं ते एक वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नाही.